कमानपाट्यातून विळा: छोट्या भट्टीवर पहिल्या तावापासून धारेपर्यंत

निफाडकडचा शेतकरी विळा घेताना आधी पात्यावर नख मारून आवाज ऐकतो, मग अंगठा आडवा फिरवून धार चाचपतो आणि विचारतो, "पाणी कसं दिलंय?" म्हणजे पातं तापवून, झटक्यात गार करून किती कडक केलंय. आकार किती सुबक आहे, ठोके किती सारखे पडलेत याची तो फारशी चौकशी करत नाही. त्याचं बरोबर आहे. उन्हाळ कांद्याची पात कापायला बसलेली बाई दिवसभर तोच विळा चालवते. पाणी कमी पडलं तर तासाभरात धार बसते, जास्त झालं तर पहिल्याच खड्याला तिचे तुकडे उडतात. मी आधी नाशिकच्या औद्योगिक वसाहतीत उष्णतोपचाराच्या खात्यात काम केलं आणि नंतर एका म्हाताऱ्या लोहारबाबांच्या हाताखाली बसलो. दोन्हीकडे एकच गोष्ट पक्की झाली: हत्यार हातोड्याखाली फारसं बिघडत नाही, बिघडतं ते आगीत. म्हणून या लेखात घाव कसे घालायचे यापेक्षा ताव, म्हणजे लोखंड किती तापलंय ते, कसा ओळखायचा यावर जास्त लिहिलं आहे.

पहिलं काम म्हणून मी विळाच सुचवतो. खुरपं सोपं असतं, पण त्यात शिकायला कमी मिळतं. कोयत्याला माल आणि ताकद दोन्ही जास्त लागतात. विळ्यात लोखंड लांबवणं, रुंदावणं, वाकवणं, उतार काढणं म्हणजे धारेकडे पातळ करत नेणं, आणि पाणी देणं हे सगळं हाताखालून जातं, आणि फसला तरी वाया जातो तो फार तर वीतभर लांबीचा पट्टा.

जागा आणि भट्टी

जागा अंधारी हवी. नाशिकच्या मे महिन्यातल्या उन्हात उघड्यावर भट्टी मांडली तर तापलेलं लोखंड काळंच दिसतं. तुम्हाला वाटतं अजून तापलं नाही, आणि तोवर ते जळायला लागलेलं असतं. त्यामुळे पत्र्याची शेड, तीन बाजूंनी आडोसा आणि एक बाजू पूर्ण उघडी अशी मांडणी ठेवा. उघडी बाजू उत्तरेकडे असेल तर ऊन फारसं आत येत नाही. बंद खोलीत मात्र कोळसा कधीही पेटवू नका. त्याच्या विषारी वायूला वास नसतो, आणि माणूस बेशुद्ध पडेपर्यंत कळत नाही.

भट्टीला फार खर्च लागत नाही. जुन्या ट्रकच्या चाकाचा ड्रम किंवा जाड पत्र्याची पेटी घ्या, आत चिकणमाती आणि राखेचा गिलावा द्या आणि खालून किंवा बाजूने दीड इंची लोखंडी नळीची तोटी बसवा. जुने लोहार चामड्याचा भाता वापरत. आज हाताने फिरवायचा पंखा मिळतो, विजेचा ब्लोअरही मिळतो. शिकणाऱ्याने हातपंखाच घ्यावा असं माझं ठाम मत आहे. विजेचा ब्लोअर तुम्ही ऐरणीवर असताना इकडे लोखंड खात असतो. हातपंखा सोडला की आग आपोआप मंदावते.

कोळशात दोन पर्याय आहेत. दगडी कोळसा जोरात तापतो आणि पुरतोही, पण पेटवल्यावर पिवळट धूर संपेपर्यंत त्यात पातं घालू नये, कारण त्या धुरात गंधक असतं. बाभळीचा लाकडी कोळसा स्वच्छ जळतो. तो लवकर संपतो, ठिणग्याही फार उडवतो, पण पात्याच्या कामाला त्याच्यासारखा ताव मिळत नाही. मी ठोकायला दगडी आणि पाणी द्यायला लाकडी वापरतो. पावसाळ्यात कोळसा झाकून ठेवा. ओला दगडी कोळसा कसाबसा पेटतो, पण ओला लाकडी कोळसा तडतडत अंगावर येतो.

आगीबद्दल एक गोष्ट नवख्याला कुणी सांगत नाही. तोटीच्या तोंडाशी हवा ताजी असते, तिथे लोखंडावर भराभर पापुद्रे चढतात आणि पात्याच्या कातडीतलं कार्बन जळून जातं. पातं तोटीपासून चार बोटं वर ठेवा, त्याच्याखाली पेटता कोळसा असू द्या आणि वरही एक थर टाका. तासा-दीड तासाने तळाशी काचेसारखा कीट जमतो. तो चिमट्याने उचलून काढला नाही तर हवा अडते आणि पातं एका बाजूने तापतं, दुसरी बाजू थंड राहते.

ऐरण नवीन घ्यायची गरज नाही. भंगारातला रुळाचा तुकडा मिळाला तर तो आडवा न ठेवता उभा रोवा. घावाखाली जितकं वजन सरळ रेषेत असेल तितका हातोडा काम करतो. उभ्या रुळाचं तोंड छोटं असतं, पण विळ्याला ते पुरतं. वाकवण्यासाठी शेजारी दोन-अडीच इंची जाड पाइपाचा तुकडा पक्का बसवा. उभं राहून काम करणार असाल तर हात खाली सोडल्यावर मूठ जिथे येते तिथे ऐरणीचं तोंड हवं. आपल्याकडे बसून काम करायची पद्धत आहे, तीही चांगलीच आहे. घिसाडी कुटुंबात पुरुष बसून सांडशीने लोखंड धरतो आणि बाई उभी राहून घण घालते. त्यात ताल बसला की एका तावात जे काम होतं, ते एकट्या माणसाला तीन तावांत होत नाही.

बाकी सामान थोडंच: किलो-सव्वा किलोचा हातोडा, ज्याचं एक तोंड सपाट आणि दुसरं चोचीसारखं निमुळतं आहे, दोन सांडशी, छिन्नी, कानस, तारेला बांधलेलं चुंबक, लाकडी ठोकणं आणि वाळूची बादली. सांडशीच्या जबड्यात पट्टा गच्च बसला पाहिजे. ढिली सांडशी म्हणजे तापलेलं लोखंड पायावर. अंगात सुती कपडे घाला, सिंथेटिक नकोत, कारण ते नुसते जळत नाहीत, वितळून कातडीला चिकटतात. पायात बंद चामडी बूट आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. पदर किंवा ओढणी असेल तर खोचून घ्या. चमचमत्या सिमेंटच्या फरशीवर तापलेलं लोखंड टेकवू नका, फरशीचे टवके उडतात. खाली माती हवी.

कोणतं लोखंड

गाडीचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या कमानीच्या स्प्रिंगचे पट्टे, हे शेतीच्या हत्यारांना सगळ्यांत भरवशाचं पोलाद. त्यात साधारण ०.५ ते ०.६ टक्के कार्बन असतं, म्हणजे धार धरण्याइतकं कडक होतं आणि दगडावर आपटलं तरी लगेच फुटत नाही. बांधकामाच्या सळईत कार्बन त्याच्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असतं. तिचा विळा दिसायला हुबेहूब होतो, पण कितीही पाणी द्या, धार राहत नाही. बेअरिंगच्या पोलादात कार्बन १ टक्क्याच्या घरात आणि वर क्रोमियम असतं. ते हातोड्याखाली हट्टी आणि तावाला नाजूक असतं, पहिल्या वर्षी त्याच्या वाटेला जाऊ नका. जुन्या कानशीचं पोलाद धारेला उत्तम, पण दाते घासून काढले नाहीत तर प्रत्येक दाता पुढे तडा जायची जागा होतो.

पाटे मिळायला नाशिकात अडचण नाही. आडगावकडच्या ट्रक टर्मिनलच्या आसपास आणि अंबड-सातपूर भागात पाटे बदलणारे कारागीर आहेत, आणि काढलेले तुकडे भंगारात जातात. ट्रकचा पाटा दहा-बारा मिलिमीटर जाड असतो, तो पातळ करण्यातच खांदे जातील. जीप किंवा छोट्या टेम्पोचा सहा-सात मिलिमीटरचा पाटा शोधा. मधल्या बोल्टच्या भोकाजवळचा भाग घेऊ नका. वर्षानुवर्षं वाकून तिथे केसासारख्या भेगा पडलेल्या असतात. शंका आली तर तुकडा घासून चकचकीत करा, डिझेल लावून दहा मिनिटं ठेवा, कोरडा पुसा आणि खडू फासा. भेग असेल तर खडूवर काळी रेघ उमटते.

लोखंड ओळखायची सोपी रीत म्हणजे ग्राइंडरवरची ठिणगी. मऊ लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ, कमी फुटणाऱ्या असतात. पोलादाच्या ठिणग्या लवकर फुटतात आणि त्यांना फुलबाजीसारखे फाटे येतात. तरीही खात्री तुकडा तोडूनच होते. बोटभर तुकडा लाल करा, तेलात विझवा, फडक्यात गुंडाळून हातोडा मारा. पोलाद असेल तर काडकन तुटेल. तुटलेल्या जागी करडे, रेशमासारखे बारीक कण दिसले तर तुमचा तावही बरोबर होता. साखरेसारखे चमकणारे दाणे दिसले तर लोखंड चांगलंच आहे, तुम्ही ते जास्त तापवलंत.

दोन वस्तू भट्टीत कधीच नको. जस्ताचा मुलामा असलेला पाइप किंवा पत्रा तापवला की पांढरा धूर येतो, आणि तो छातीत गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो. गाडीचे शॉक ॲब्सॉर्बर बंद असतात, आत तेल आणि दाब असतो, ते आगीत फुटतात.

रंग वाचणं

तापलेल्या लोखंडाचे रंग पुस्तकातून डोक्यात बसत नाहीत. मी ते आपल्या बाजारातल्या मालावर बसवले आहेत. अंधारात जेमतेम दिसणारा काळपट लाल म्हणजे सहाशे अंशांच्या आसपास. सटाण्याच्या डाळिंबाचा दाणा साडेसातशेच्या पुढे. पिंपळगावच्या बाजारात येणारा पूर्ण पिकलेला टोमॅटो साडेआठशेच्या जवळ. दसऱ्याचा केशरी झेंडू हजाराच्या आसपास, पिवळा झेंडू अकराशेच्या. त्यापुढे रंग पांढरट व्हायला लागतो आणि लोखंडातूनच फुलबाजी उडते. तसं झालं तर तेवढा भाग जळाला. त्याला कुठलाही उपाय नाही, कापून टाका.

ठोकायचं ते दोन्ही झेंडूंच्या मधल्या तावात, आणि डाळिंबापर्यंत उतरला की थांबायचं. थांबणं फार अवघड जातं. "अजून दोनच ठोके" या मोहात पात्याला आतून भेग जाते. ती दिसते पाणी दिल्यावर, तोवर सगळं काम झालेलं असतं. नवख्याला एका विळ्याला वीस ताव लागले तरी लागू द्या. सरावाने ते दहा-बारावर येतात.

घडवणं

पाटा आधी केशरी करून सरळ सपाट करा आणि हवेत गार होऊ द्या. मग त्यातून २५ मिलिमीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर लांब पट्टी लांबीच्या दिशेने कापा. सहा मिलिमीटर जाडीच्या या पट्टीचं वजन पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास भरतं. पापुद्रे आणि घासणं यात काही जाऊन पातं १३०-१४० ग्रॅमचं उरतं. पट्टी कापल्यावर कडा कानशीने मारा, ग्राइंडरचे ओरखडे तसेच ठेवू नका.

सुरुवात मुठीत जाणाऱ्या शेपटापासून करा. पट्टीच्या एका टोकाचे अडीच सेंटिमीटर ऐरणीच्या कडेवर धरून दोन्ही बाजूंनी दाबा आणि चौकोनी लांबवत न्या. दहा सेंटिमीटर लांब, मुळाशी आठ मिलिमीटर आणि टोकाशी चार असा निमुळता आकार हवा. शेपूट आणि पातं जिथे भेटतात तिथे काटकोन पडू देऊ नका, गोलसर वळण ठेवा. विळे मोडून येतात ते बहुतेक याच जागी मोडलेले असतात. शेपूट आधी करायचं कारण साधं आहे: पुढच्या सगळ्या कामाला सांडशीत धरायला जागा होते.

आता पातं लांबवा. हातोड्याच्या चोचीने पट्टीवर आडवे घाव घातले की लोखंड लांबीकडे पळतं, लांबीच्या दिशेने उभे घातले की रुंदीकडे. आधी आडवे घाव घालून पातं २५ सेंटिमीटर लांब, दोन सेंटिमीटर रुंद आणि साडेतीन मिलिमीटर जाड करा, टोकाकडे निमुळतं. प्रत्येक ताव झाला की सपाट तोंडाने साफ करा आणि ऐरणीवर आडवं ठेवून डोळा लावून पाहा. पीळ पडला असेल तर याच टप्प्यावर काढा.

पुढच्या टप्प्यावर जवळजवळ प्रत्येक जण चुकतो. विळ्याची धार आतल्या अंगाला असते. उतार काढण्यासाठी धारेकडची बाजू पातळ केली की ती लांब होते, आणि लांब झालेली बाजू पात्याला उलट दिशेने ढकलते. म्हणजे तुम्ही सुंदर बाक दिलेला असतो आणि उतार काढता काढता विळा सरळ पट्टी होऊन बसतो. म्हणून बाक आधी द्या, आणि हवा त्यापेक्षा बराच जास्त द्या. पिवळट तावात पातं पाइपावर धरून लाकडी ठोकण्याने वळवा, जवळजवळ आकड्यासारखं. मग उतार काढायला लागलात की बाक आपोआप उघडत योग्य जागी येतो. माझ्या पहिल्या विळ्याच्या वेळी मला हे माहीत नव्हतं. बाबांनी तो हातात घेतला, उलटा केला आणि म्हणाले, "पोरा, लोखंड कुठं पळतंय ते आधी बघ, मग मार."

उतार काढताना पातं ऐरणीच्या कडेला किंचित तिरकं धरा, हातोडाही त्याच अंशात तिरका. शेपटाकडून टोकाकडे एकाच दिशेने जा, घावाला घाव लागून. पाठ तीन मिलिमीटर जाड राहू द्या आणि धार एक मिलिमीटरपर्यंत आणून थांबा. हातोड्याखालीच कागदासारखी धार काढायचा मोह आवरा. इतकी पातळ कड आगीत सगळ्यांत आधी जळते आणि तेलात सगळ्यांत आधी मुरडते. शेवटी रुंदी अडीच ते तीन सेंटिमीटर येते. उतार एकाच अंगाला ठेवणार असाल तर विळा कुणासाठी आहे ते आधी विचारा. डावखुऱ्या माणसाला उलट्या अंगाचा उतार लागतो, आणि आयुष्यभर उजव्या हाताचा विळा चालवलेल्या डावखुऱ्या बाईला आपल्या हाताचा विळा पहिल्यांदा मिळतो तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा असतो.

ताण काढणं आणि घासणं

ठोकून झालेलं पातं आतून ताणलेलं असतं. तसंच तेलात घातलं तर ते वाकडं होतं किंवा तडकतं. ते पिकल्या टोमॅटोच्या रंगापर्यंत तापवा आणि वाऱ्याच्या झोतापासून दूर, कोरड्या जागी लटकवून काळं होईपर्यंत गार करा. असं तीन वेळा, दर वेळी ताव किंचित कमी. आतले कण बारीक होतात, पोलाद समजूतदार होतं. घाईत हाच टप्पा सगळ्यांत आधी गाळला जातो. गाळू नका.

कानशीने काम करणार असाल तर शेवटचा ताव दिल्यावर पातं कोरड्या चुलीच्या राखेत रात्रभर पुरून ठेवा, सकाळी ते कानशीला मऊ लागेल. पापुद्रे काढा, उतार साफ करा, कड मिलिमीटरभर ठेवा. कडेवर आडवा ओरखडा उरला असेल तर तो पॉलिश पेपरने काढा, कारण तडा तिथूनच सुरू होतो. विळ्याला दाते हवे असतील तर तेही आत्ताच, धारदार छिन्नीने एकाच अंगाने. कांद्याच्या पातीला बिनदात्याचा विळा बरा. गवत आणि इगतपुरी-त्र्यंबककडच्या भाताला दात्याचा चांगला चालतो.

पाणी देणं

नाव पाणी असलं तरी पाट्याला पाणी तेलाचं द्यायचं. साध्या कार्बन पोलादाच्या छिन्नीला खरं पाणी चालतं. पाट्याच्या पोलादात सिलिकॉन, मँगेनीज, कधी क्रोमियम असतं, ते तेलातही पुरेसं कडक होतं आणि पाण्यात इतक्या झटक्याने आकसतं की तडकतं. मी एकदा घाईत पाण्याची बादली जवळ होती म्हणून त्यातच बुडवला. "टण्" असा बारीक आवाज आला. सहा तासांचं काम त्या एका आवाजात गेलं, धारेपासून पाठीपर्यंत भेग. तो आवाज एकदा ऐकला की माणूस पुन्हा तेलाशिवाय हात उचलत नाही.

तेल सरकीचं, सोयाबीनचं कुठलंही खाद्यतेल चालतं. जळकं इंजिन ऑइल फुकट मिळतं, पण त्याचा धूर छातीला घातक आहे, मी ते वापरत नाही. निदान पाच लिटर तेल घ्या. ते लोखंडी भांड्यात हवं, प्लास्टिकच्या नाही, आणि त्याला बसणारं झाकण हाताशी हवं. बाकदार पात्याला अरुंद डबा अडचणीचा होतो, खोल लोखंडी घमेलं उत्तम. तेल ५०-६० अंशांपर्यंत कोमट करा, एक लोखंडी तुकडा लाल करून त्यात बुडवला की झालं. थंड तेल घट्ट असतं आणि उष्णता हळू ओढतं, कोमट तेल जलद ओढतं. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे उलटं वाटतं. तेलात पाण्याचा थेंबही नसावा. पावसाळ्यात गळक्या पत्र्याखाली तेल ठेवू नका, तळाशी साचलेलं पाणी वाफ होऊन पेटतं तेल उडवतं. आग लागली तर झाकण टाका, वाळू टाका. पाणी नाही.

हे काम संध्याकाळी, दिवा न लावता करा. लाकडी कोळशाची खोल, शांत आग. पातं पाठीकडून आत घाला, पाठ जाड असल्याने तिला वेळ लागतो, आणि सतत मागेपुढे हलवा म्हणजे टोक आधी जळणार नाही. रंग चढू लागला की चुंबक जवळ न्या. साधारण ७७० अंशांना लोखंड चुंबकाला सोडतं. अनेक जण तिथेच बुडवतात आणि मग पाटा कडक झाला नाही म्हणतात. पाट्याच्या पोलादाला साडेआठशेच्या आसपासचा ताव लागतो. म्हणून चुंबकाने सोडल्यावर आणखी एक छटा वर जा, डाळिंबाकडून टोमॅटोकडे, आणि पूर्ण पातं एकाच रंगाचं दिसेपर्यंत थांबा. आत सावलीसारखे काळपट ढग फिरताना दिसतील. ते विरले की ताव पुरा झाला. त्यापुढे एक क्षणही ठेवू नका.

आता उचला आणि धार खाली करून एका झटक्यात सगळं पातं तेलात घाला. मागेपुढे, धारेच्या दिशेने हलवा. आडवं हलवलं तर एक बाजू लवकर गार होते आणि पातं मुरडतं. आठ-दहा सेकंदांनी बाहेर काढून डोळा लावा. मुरडलं असेल तर हातमोजा घालून, धूर येत असतानाच, दोन लाकडी ठोकळ्यांमध्ये दाबून सरळ करा. ही संधी काही सेकंदांचीच असते. पूर्ण गार झाल्यावर वाकवायला गेलात तर काचेसारखं तुटेल.

कडेवर जुनी कानस फिरवा. ती न चावता घसरली तर पाणी चढलं. चावली तर ताव कमी पडला किंवा कातडीतलं कार्बन जळलं. थोडं घासून पुन्हा कानस लावा, तरीही चावली तरच पुन्हा तापवा.

पाणी उतरवणं

या घडीला विळा हातातून पडला तरी फुटेल. त्याला रात्रभर तसाच ठेवू नका, तासाभरात पाणी उतरवा, म्हणजे बेताने तापवून कडकपणा थोडा कमी करा. आधी पॉलिश पेपरने दोन्ही अंगं चकचकीत करा, नाहीतर रंग दिसणार नाहीत. मग एक जाड लोखंडी पट्टी लाल करून ऐरणीवर ठेवा आणि तिच्यावर विळ्याची फक्त पाठ टेकवा. थोड्या वेळात पाठीकडून रंग निघतात आणि धारेकडे सरकू लागतात: २२० अंशांच्या आसपास फिका पिवळा, २४० ला गव्हाळ, २६० ला तपकिरी, २८० ला जांभळा, ३०० ला निळा. पाठ निळी झालेली आणि धार तपकिरी होत आलेली दिसली की पाण्यात बुडवा. इथे पाणी चालतं, कारण आता कडक करायचं नाही, फक्त थांबवायचं आहे. पुन्हा चकचकीत करा आणि हीच क्रिया आणखी एकदा करा.

ज्याच्या घरी विजेची बेकिंग भट्टी आहे त्याने २३० अंशांवर दोन तास ठेवून मग पाठ वेगळी निळी केली तर जास्त एकसारखं काम होतं. मात्र भट्टीच्या बटणावरच्या आकड्यावर विसंबू नका, आत थर्मामीटर ठेवा.

इतर हत्यारांना हेच रंग, फक्त थांबायची जागा वेगळी. स्वयंपाकाची सुरी फिक्या पिवळ्या ते गव्हाळ रंगावर, ती दगडावर आपटत नाही. उसाचा कोयता तपकिरी-जांभळ्याच्या सीमेवर, त्याला हिसका सोसायचा असतो. दगडफोडी छिन्नीचं टोक जांभळं, आणि तिचं हातोडा खाणारं डोकं पूर्ण मऊ ठेवायचं, नाहीतर त्याची चिप उडून डोळ्यात जाते.

मूठ

बाभूळ किंवा बोराचं वाळलेलं लाकूड घ्या. ओलं असेल तर उन्हाळ्यात आकसून पातं हलू लागतं. मुठीच्या तोंडाला वसवी, म्हणजे लोखंडी कडी, पाइप कापून आधी ठोकून बसवा, नाहीतर शेपूट घालताना लाकूड चिरतं. शेपटापेक्षा किंचित लहान भोक पाडा, पात्याभोवती ओलं फडकं घट्ट गुंडाळा, शेपटाचं टोक काळपट लाल करा आणि भोकात जाळत बसवा. फडकं सुकू देऊ नका, उष्णता पात्याकडे सरकली तर उतरवलेलं पाणी आणखी उतरेल. शेवटी लाख वितळवून भोक भरा किंवा शेपूट आरपार काढून मागे मुरडा.

धार आणि पुढे

धार निसण्यावर, म्हणजे धारेच्या दगडावर, पाणी लावून, वीस-पंचवीस अंशांच्या कोनात काढा. ग्राइंडरवर काढायची झाली तर दर दोन फेऱ्यांनी पाण्यात बुडवा. कडेवर निळा डाग दिसला की तिथलं पाणी गेलं, तेवढा भाग घासून काढावा लागतो. नाशिकच्या बुधवारच्या बाजारात गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, काठी घेतलेला विळा शेतात चांगला आणि घरी ग्राइंडरवर नेल्यावर बोथट होतो, याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

विळा घेणाऱ्याला सोबत निसण्याचा एक तुकडा द्या आणि शेतातच दिवसातून दोनदा पाजवायला सांगा. काम झालं की पुसून खाद्यतेलाचा हात फिरवून ठेवायचा, कांद्याच्या रसाने एका रात्रीत गंज धरतो. दोन-तीन हंगामांनी पातं झिजून अरुंद झालं की तुमच्याकडे शेवटायला, म्हणजे कड पुन्हा काढून घ्यायला, येईल. तेव्हा मूठ काढा, कड पुन्हा ठोकून पातळ करा आणि ताण काढण्यापासून पाणी उतरवण्यापर्यंतचं सगळं नव्याने करा. नुसतं ठोकून, धार लावून परत दिलं तर आठवड्यात तोच माणूस तोच विळा घेऊन दारात उभा राहील आणि तोच प्रश्न विचारेल.